माहेरच्या चिकूचं कलम

“हिरूबाय, तुमचा तो चिकू आता जाणार गो,” लखमीने मासळीची पाटी मागच्या ओट्यावर टेकवली आणि पदराने तोंड पुसत सांगून टाकलं. “मनोहर बंगला बांधतो म्हणे तिथं. होळीच्या आत झाड आडवं.”

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, बोंबील निवडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. फक्त एक चांगला बोंबील त्यांनी बाजूला टाकला आणि एक मोडका उचलून ताटात घेतला. लखमीच्या ते लक्षात आलं असणार, कारण ती आणखी जवळ सरकली.

“मोठीबाय स्वतः बोलली. या कानांनी ऐकलं मी.”

“तुझे कान राहू देत. हे बोंबील कालचे आहेत, ते आधी कबूल कर.”

लखमी हसत, शिव्या घालत निघून गेली. आईंनी हात धुतले. पुन्हा धुतले. मग परसातल्या शेराच्या कुंपणाशी जाऊन पलीकडे बघत उभ्या राहिल्या. मी त्यांना तिथे उभं राहिलेलं त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा पाहिलं.

तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. डहाणूच्या बाजूला, खारा वारा अंगणापर्यंत येतो अशा गावात आमची वाडी होती. नारळ, केळी, पपनस, रामफळ, दारात जांब. घराला लागून बाजार असावा तशी ती वाडी होती; काही हवं असलं की हात लांब करायचा. केळीच्या पानावर जेवायचं, तिच्याच सोपटाने गजरा गुंफायचा. पपनसाची जाड साल वाळवून पेटवली की गोठ्यातले डास पळायचे. पण चिकू मात्र आमच्याकडे एकही नव्हता. सगळ्या गावात चिकू आणि आमच्या घरी नाही, याचं मला नवल वाटे. विचारलं की घरात सगळ्यांना एकदम कामं आठवायची.

गोष्ट कळली ती तुकड्यातुकड्याने. आई नवरी होऊन आल्या तेव्हा वडिलांनी त्यांच्याबरोबर चिकूचं एक कलम मडक्यासकट पाठवलं होतं. फळ लहान, अंड्यासारखं लांबट, आत एकच बी, आणि गर असा रवाळ की जिभेवर साखर फुटावी. पुढे भावांनी माहेरची वाडी विकली, घेणाऱ्याने झाडं तोडून मिठागर केलं. त्या चवीचं एवढं एकच झाड जगात उरलं. मग आमच्या घरच्या दोघा भावांच्या वाटण्या झाल्या. दोर ताणला, आणि झाड पलीकडे, आईंच्या थोरल्या जावेच्या वाटणीत गेलं.

“ते माझ्या माहेरचं आहे,” आई तेव्हा म्हणाल्या.

“मुळं ज्याच्या जमिनीत, झाड त्याचं,” थोरली जाऊ म्हणाली. “उचलून नेता आलं तर ने.”

एवढंच. या एका वाक्यावर किती पावसाळे गेले. थोरले दीर वारले तेव्हा आई त्या घरी जाऊन बसल्या, पण दोघी जावा एकमेकींकडे न बघता रडल्या. दर हंगामाला पहिल्या उतारीच्या चिकूंची पाटी कुंपणावरून यायची आणि आई ती तशीच गाईपुढे ओतायच्या. आमच्या गाईने खाल्ले तेवढे गोड चिकू तालुक्यात कुणी खाल्ले नसतील.

त्या रात्री जेवताना माझ्या सासऱ्यांनी, दादांनी, विषय काढला. कलमं बांधण्यात त्यांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं.

“झाड वाचत नसेल, पण त्याचा वंश वाचवता येतो,” ते भाताकडे बघत म्हणाले. “माझ्याकडे रायणीची रोपं आहेत तयार.”

“रायणीची? चिकूसाठी?” मी विचारलं.

“चिकूला स्वतःचे पाय नाजूक, सूनबाई. रायणीचे पाय शंभर वर्षं हलत नाहीत. दोन्ही चिकाची झाडं. चिकाला चीक मिळाला की एकजीव होतात.”

“मग एक फांदी तोडून आणू या ना.”

“तोडलेल्या फांदीचं काम नाही ते. रोपाचं मडकं झाडाशी न्यायचं, माच बांधून वर ठेवायचं, आणि फांदी झाडावर असतानाच रोपाला बांधायची. दोन-तीन महिने तसंच. रोज पाणी. जुळलं की मग तोडायचं.”

“म्हणजे रोज त्यांच्या वाडीत जायचं?”

“रोज.”

“या घरातून कुणी जाणार नाही,” आई चुलीपासून म्हणाल्या. आवाजात काही नव्हतं. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

सकाळी मी केर काढत होते. आई मागून आल्या आणि माझ्या हातातून केरसुणी घेतली.

“कुंदा, तू घरात नवीन आहेस. तुझं कुणाशी वाकडं नाही.”

“नाही, आई.”

“वाट चुकून तू एखादवेळी त्या बाजूला गेलीस, तर कुणी काही म्हणणार नाही.”

मी वाट चुकले.

मोठीबाय, आईंच्या थोरल्या जावेला सगळं गाव हेच म्हणे, ओट्यावर चिकूच्या फोडी करत बसली होती. एवढं मोठं घर, आणि तिच्याजवळ एक मांजर आणि एक खुडूक कोंबडी. मुलगा मनोहर नोकरीसाठी कल्याणला. तिने मला ओळख विचारली नाही. पुढ्यातला पाट पायाने सरकवला आणि एक फोड हातावर ठेवली.

“खा. तुमच्याकडे गाय खाते म्हणे.”

मला ठसका लागला. तीच हसली. फोडी चटईवर पसरत बोलत राहिली. या वाळवून पूड करायची, बाळंतिणीच्या खिरीत घालायची. कच्च्या फळाची साल उगाळून दिली की लेकरांचं बिघडलेलं पोट थांबतं. “आणि चीक वाळवून आम्ही पोरी चघळायचो, दातांना चिकटेपर्यंत. तुझ्या सासूचे दात एकदा असे चिकटले, म्हटलं बरं झालं, दोन घटका घर शांत. बरं, काय काम काढलंस?”

मी सांगितलं. ती फोडी करायची थांबली.

“बांधा,” ती म्हणाली. “पण एक अट. पाणी हिरूने घालायचं. स्वतः. तू नाही, भावजी नाही, गडी नाही. दुसऱ्या कुणाच्या हातचं पाणी मला चालणार नाही.”

“मोठीबाय, त्या नाही येणार हो.”

“मग रायणीचं रोप रायणच राहील. मला काय?”

घरी येऊन सांगितलं तेव्हा आईंनी तांदळाचं सूप असं आपटलं की चिमण्या उडाल्या. “पाणी मी घालू? तिच्या दारात उभी राहून? गडीमाणूस आहे मी तिची?” दुपारभर त्या भांड्यांशी बोलत होत्या. दुसऱ्या दिवशी कुणाशीच बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दादा बांबू सोलायला बसले, तर त्यांच्याजवळ जाऊन म्हणाल्या, “माच नीट बांधा. माझ्या वडिलांचं झाड आहे, कलंडता कामा नये.”

दसरा होऊन गेला होता. दादा झाडाखाली बांबूंचा माच उभा करत होते, मी खालून मडकं देत होते. खाली वाकलेली एक बोटाएवढी फांदी त्यांनी निवडली. रायणीच्या खोडाची साल एका बाजूने तासली, फांदीची तेवढीच तासली. दोन्हीकडून पांढरा चीक पाझरला. तो फडक्याने टिपून त्यांनी जखमेला जखम लावली, ओल्या सोपटाने घट्ट गुंडाळली, वर शेणमातीचा लेप दिला. आई कुंपणाच्या आमच्या बाजूला उभ्या होत्या.

“ये आता,” दादा म्हणाले. “पहिलं पाणी तुझं.”

आई आल्या. डोक्यावरून पदर, हातात तांब्या, नजर नेमकी मडक्यावर. मोठीबाय ओट्यावर पाठमोरी बसली होती. आईंनी पाणी ओतलं. तिकडून आवाज आला, पण तो कोंबडीशी होता.

“अगं ए, पाणी मुळाशी घालतात, पानांवर नाही. कळलं का?”

आई माझ्याकडे वळल्या. “कुंदा, काही माणसांना जन्मापासून दुसऱ्याला शिकवायची हौस असते बघ.”

“आणि काहींना शिकून घ्यायची नसते,” मोठीबायने कोंबडीला सांगितलं.

असं सुरू झालं. रोज सकाळी मी आईंबरोबर जायचे, कारण एकटीने जायला त्यांचं मन धजेना. दोघींमध्ये चार हातांचं अंतर, आणि निरोप माझ्यामार्फत. “कुंदा, विचार तिला, माचाखाली कोंबड्या का सोडल्यात?” “सूनबाई, सांग तिला, कोंबड्या मुंग्या खातात, नाहीतर मुंग्या कलम खातील.” त्यांना एकमेकींचं स्पष्ट ऐकू जात होतं, तरी मी बोलेपर्यंत दोघी थांबायच्या. मग कधी मांजराला, कधी मडक्याला उद्देशून. मनात यायचं, ही दोन माणसं जुळायच्या आधी तो चिकू आणि रायण नक्की जुळतील.

एका सकाळी थंडी पडली होती. मोठीबाय सुपात तांदूळ निवडत होती. आम्ही माचाखाली आलो आणि ती खाली मान घालूनच गुणगुणली,

*दोघी जावा दळू बाई, जातं एक, खुंटा एक…*

आणि थांबली. पुढची ओळ म्हटलीच नाही. आईंच्या हातातला तांब्या तिरपा झाला, पाणी माझ्या पायावर सांडलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पहिली ओळ, आणि गप्प. तिसऱ्या दिवशीही. ओवी अर्धी टाकलेली ऐकणं म्हणजे पाट मांडून वाढायचं राहिल्यासारखं. घरी येताना मी विचारलं, “आई, पुढे काय आहे?”

“काही नाही. जुनं आहे.”

चौथ्या की पाचव्या सकाळी मोठीबायने ओळ म्हटली, आणि सूप बाजूला ठेवून नुसतीच बसली. आईंनी पाणी घातलं. तांब्या उपडा करून शेवटचा थेंब झटकला. निघायला वळल्या. आणि माझ्या पाठीमागून, कधी न ऐकलेल्या कोवळ्या आवाजात ओळ आली,

*सासू पुसे ओटीवरून, कुणाची गं गाते लेक?*

“मला वाटलं विसरलीस,” मोठीबाय म्हणाली. कोंबडीला नाही, मांजराला नाही.

“तुम्ही अर्धी म्हणून सोडलीत, बाय. सबंध दिवस कानात घोळत राहते. छळ आहे नुसता.”

“म्हणून तर सोडत होते.”

आई तिच्या ओट्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या. वर नाही; पहिल्या पायरीवर. मोठीबाय बराच वेळ तांदूळ निवडत राहिली आणि मग आणखी एक ओळ तिने पुढे सरकवली, पाट सरकवावा तशी,

*माहेरीचं रोप माझं, सासरी मी लावियलं…*

ही आईंची स्वतःची ओवी होती, हे मला नंतर कळलं. नवी नवरी असताना जात्यावर त्यांनीच बांधलेली. तिची दुसरी ओळ बापाच्या नावाची होती. पण त्या दिवशी आई झाडाकडे बघत राहिल्या, आणि जुनी ओळ म्हटलीच नाही.

*जावेने गं पाणी दिलं, तिनं त्याला वाढवियलं.*

मोठीबायने सूप खाली ठेवलं. पदर तोंडाला लावला.

“तू बाळंतपणाला गेली होतीस,” ती म्हणाली. “तो उन्हाळा असला कडक होता. विहिरीला पाणी नव्हतं गं. दिवसाला एक कळशी, त्यातली अर्धी मी त्याला घालायचे. सासूबाई मारायला उठायच्या.”

“हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.”

“दोर ताणल्यावर सांगायचं होतं? तेव्हा तू माझं माझं करत होतीस. मला वाटलं, माझी अर्धी कळशी कुठे गेली?”

मी तांब्या उचलला आणि हळूच घरी आले. त्या सकाळपासून निरोप्याचं काम मला उरलं नाही.

पुढे एका तांब्याला अख्खी सकाळ लागू लागली. आई न्याहारी आटोपून जायच्या त्या सूर्य डोक्यावर आला की यायच्या. पदरात कधी वाळलेले चिकू, कधी ओल्या हळदीचं कांड. दादा मला डोळ्यांनी खुणावायचे. मी हसायचे. आमच्या घरात आता कुणीतरी सारखं गुणगुणत असे.

पौष आला आणि दादा कलम बघून आले. “झालंय जुळून. जोडाखालची फांदी आता टप्प्याटप्प्याने छाटायला हवी.”

“बाय म्हणतात अजून कच्चं आहे,” आई म्हणाल्या.

दादा मोठीबायकडे गेले. ती म्हणाली, “हिरू म्हणते घाई नको.”

असं काही दिवस चाललं. मी माचावर चढून पाहिलं. दोन खोडांच्या मधे साल फुगून एक झाली होती, आणि सोपट तिच्यात रुतत चाललं होतं. दादांनी त्या संध्याकाळी पहिल्यांदा आवाज चढवला.

“त्या बांधाने साल कापली जाते आहे! गळा आवळला की वरचा चिकूही मरेल, खालची रायणही मरेल. दोघींनी मिळून त्याला फाशी देणार आहात काय?”

रात्रभर आईंच्या बांगड्या वाजत होत्या.

त्याच आठवड्यात संक्रांत होती. मनोहरभाऊजी तिळगूळ घेऊन घरी आले होते. मी मोठीबायला वाण द्यायला गेले आणि बोलायचं म्हणून विचारलं, “भाऊजी, बंगल्याचा पाया कधी खणताय?”

“कसला बंगला?” ते खो खो हसले. “वहिनी, कल्याणच्या खोलीचं छप्पर गळतंय, ते मला शाकारता येत नाही. बंगला कुठून?”

ते आत गेले. मी मागे वळले तर मोठीबाय दारात उभी. तिने मला ओट्याच्या कडेला नेलं.

“काय करू मग?” ती हलक्या आवाजात म्हणाली. “निरोप पाठवला असता तर आली असती? पाटी पाठवत होते ती गाय खात होती. लखमीच्या पाटीत बातमी टाकली की घरोघर पोचते. म्हटलं, माझ्यासाठी नाही येणार, झाडासाठी येईल.”

“मोठीबाय, त्यांना कळलं तर?”

“तर पुन्हा यायची नाही. तिचा राग तुला ठाऊक नाही, मला ठाऊक आहे.” तिने माझं मनगट धरलं. हात गार होता. “मी सांगू नको म्हणत नाही. तू त्या घरची सून आहेस, सांगायलाच हवं. एवढंच कर, कलम सुटू दे. फसवलं तर फसवलं, पण झाड तिच्या पदरात पडू दे.”

मी घरी आले. तिळगूळ तोंडात होता आणि गोड लागत नव्हता.

कलम सोडवायला दोघी शेवटी तयार झाल्या, कारण एका सकाळी रायणीचं एक पान पिवळं पडलं. दादांनी आधी फांदीला खाच घेतली, मग थोड्या दिवसांनी दुसरी, आणि माघातल्या एका सकाळी कोयत्याचा हलका घाव घालून ती तोडली. सोपट उलगडलं. रायणीच्या मडक्यात चिकू उभा होता. चार पानं, तांबूस कोंब. आईंनी मडकं उराशी घेतलं. मोठीबाय म्हणाली, “जप,” आणि आत निघून गेली. माच रिकामा झाला.

आम्ही कलम आमच्या विहिरीच्या कडेला लावलं. दादांनी आळं केलं, आईंनी पाणी घातलं. काम संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी झाली. आईंनी तांब्या घासला, भरला, आणि तो मांडीवर घेऊन मागच्या ओट्यावर बसून राहिल्या. विहीर दहा पावलांवर. तिथे पाणी घालून झालं होतं. मग त्यांनी तांब्या ओतला, पुन्हा भरला. मला ते बघवेना. पण बोलायचं तेच होतं, आणि बोलले तर उरलेलंही जाईल अशी भीती होती. मी त्यांच्याजवळ बसले.

“आई, एक सांगायचं आहे. रागावू नका. मोठीबायवर तर मुळीच रागावू नका.”

“काय?”

“तो चिकू कुणी तोडणार नाही. बंगला वगैरे काही नाही. ते सगळं… तुम्ही यावं म्हणून.”

आई तांब्यातल्या पाण्याकडे बघत होत्या.

“ठाऊक आहे मला,” त्या म्हणाल्या.

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. पाणी घालताना मान खाली होती ना माझी. झाडाचं आळं नुकतं खणलेलं, शेणखत घातलेलं. ज्या झाडावर कुऱ्हाड पडायची त्याला कुणी खत घालतं, कुंदा?” 

“मग तुम्ही… तेव्हाच परत का नाही आलात?”

“आले असते. पण खत नीट घातलं नव्हतं तिने. बुंध्याला चिकटून घातलं होतं, बुंधा कुजला असता. म्हटलं, उद्या येऊन सांगावं.” त्या थोड्या हसल्या. “उद्याही कोंबडीशीच बोलली. मग परवा आले.”

त्या उठल्या. गोठ्यामागे दादांच्या रायणीच्या रोपांची रांग होती. एकेक मडकं हलवून बघितलं, आणि त्यातलं सगळ्यात मोठं, सगळ्यात जड पुढे ओढलं.

“सोपट भिजत घाल,” त्या म्हणाल्या. “आणि दादांना हाक मार. माच अजून मोडला नसेल.”

मी मडकं कमरेवर घेतलं. कुंपणाशी पोचलो तर मोठीबाय पलीकडे आधीच उभी होती, दोन्ही हात शेराच्या फांद्यांवर ठेवून. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, सांगितलं म्हणून. तिचा चेहरा उतरला. मग तिची नजर मडक्यावर गेली.

“हे आता कशाला, हिरू?” ती जपून म्हणाली.

“पहिलं लागेल न लागेल, बाय,” आई म्हणाल्या. “झाड तर तुमचं तुटणार. जिवाला घोर नको.”

मोठीबायने आईंकडे नीट पाहिलं. तिच्या ओठांची एक बाजू थरथरली, पण आवाज तिने सरळ ठेवला.

“खरंच गं. दोन असलेली बरी.”

“दोन कशी? कुंदाला एक नको? पुढे तिच्या लेकीला?”

“मग त्या खालच्या फांदीला नको बांधू. पूर्वेची चांगली आहे, ऊन लागतं तिला.”

“पूर्वेची? बाय, तुम्हाला फांद्यांतलं कधी कळलंय?”

बोलत बोलत दोघी झाडाकडे निघाल्या. मडकं फार जड होतं. मी हाक मारली, पण दोघींपैकी एकीनेही मागे वळून पाहिलं नाही.